डाव्या कानातला सॅक्सोफोन

इंटरनेटवर एक अल्बम आहे. दोन सॅक्सोफोन, मागे ड्रम आणि बास गिटार, समोर बसलेले चाळीस-पन्नास लोक, आणि एका संध्याकाळी सलग वाजवलेलं सगळं. त्याच्या कव्हरवर इंग्रजीत छापलंय की डाव्या बाजूला ऐकू येतो तो सॅक्सोफोन माझा आणि उजव्या बाजूला येतो तो मामांचा. हे उलटं आहे. डाव्या बाजूला मामा आहेत. त्या डाव्या बाजूचं कौतुक मी वर्षभर खाल्लं, आणि वर ढेकरही दिला. मला कुणी जाब विचारलेला नाही. पण खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं झालंय, म्हणून लिहायला बसलो.

मामा माझे सख्खे मामा नाहीत. आईच्या गावचे, शिंदखेड्याकडचे, म्हणून मामा. सुरतेत आले तेव्हा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. लग्नसराईत मात्र ते बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. भेस्तानपासून नवापूरपर्यंत आपल्या माणसांच्या लग्नात 'तो सॅक्सवाला येणार का' असं आधी विचारलं जायचं, मग तारीख ठरायची. मला त्यांनीच शिकवलं. बमरोलीच्या आमच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मध्ये उभं करून, तोंडाचा आकार कसा ठेवायचा इथपासून.

मी वाईट वाजवत नाही. हेच माझं दुखणं आहे. वाईट वाजवणाऱ्याला लोक एकदा हसतात आणि तो सुटतो. मी वरातीत खपून जाईल इतपत बरा होतो. वीस वर्षं मामांच्या डाव्या हाताला उभा राहून मी त्यांचा सूर धरला, भरणा केला, त्यांना दम घ्यायचा असेल तेव्हा चाल ओढत ठेवली. मिलमध्ये मी फोल्डिंग खात्यात आहे, रंगून-छापून आलेल्या साड्यांच्या घड्या घालून घेणं हे माझं काम. बँडमध्येही थोडंफार तेच करत होतो.

नानपुऱ्यातल्या एका डॉक्टरांनी आम्हाला एका वरातीत ऐकलं. वरात चौकात अडकली होती, पुढे ट्रक आडवा झालेला, घोडा वैतागलेला. अशा वेळी ढोल थोडे थांबतात आणि दोघे सॅक्सवाले एकमेकांना डिवचत बसतात. मामांनी एक ओळ टाकायची, मी ती वाकडी करून परत द्यायची, त्यांनी आणखी वाकडी करायची. अर्धा तास चाललं ते. डॉक्टर स्कूटरवर अडकले होते. ट्रक निघाला, सगळे गेले, तरी ते वरातीमागून चालत आले आणि मंडपाच्या दारात त्यांनी मामांचा हात धरला. "भाई, आ तो जॅझ छे!" म्हणाले. मामांना वाटलं, काही तक्रार आहे.

डॉक्टरांच्या घरी भिंतभर रेकॉर्डी होत्या. त्यांनी आम्हाला बसवून दोन-तीन ऐकवल्या आणि समजावून सांगितलं की आधी चाल वाजवायची, मग तिला सोडून हवं तिथे भटकायचं, मग घरी परत यायचं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हाई तं आपलं रोजनं काम शे," ते मला आमच्या गावच्या बोलीत म्हणाले. "वरात आडकनी का आपन हाईच करतस."

डॉक्टरांनी मग दवाखान्यावरच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. बडोद्याहून ड्रमवाला आणि बास गिटारवाला बोलावला. दोघं आम्हाला 'अंकल' म्हणत होते, दोघांनाही, त्यामुळे कुठल्या अंकलशी बोलताहेत ते कळत नव्हतं. रेकॉर्डिंगची डॉक्टरांना भारी हौस. दुपारी स्वतः दोन माइक लावले, वायरी ओढल्या, आणि संध्याकाळी शेजारच्या खोलीत दार लावून, कानावर हेडफोन चढवून यंत्रापाशी बसले. म्हणजे ज्यानं सगळं घडवून आणलं, त्यानंच ते डोळ्यांनी पाहिलं नाही.

आणि आम्ही दोघांनी काय करावं? बँडचा ड्रेस घालून गेलो. लाल कोट, पिवळी झालर, पितळी बटणं, तुऱ्याची टोपी. कार्यक्रम म्हटल्यावर आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही. समोर बसलेली माणसं साध्या सदऱ्यांत होती आणि आम्ही दोघं एका साच्यातून काढल्यासारखे. त्यांतल्या कुणालाही दुसऱ्या दिवशी विचारलं असतं की यातला मोठा कोण आणि धाकटा कोण, तर सांगता आलं नसतं. टोपी कपाळापर्यंत येते. तसंही बँडवाल्याचा चेहरा कोण बघतं?

सुरुवातीला मामा अडकले. त्यांचा सूर कोता येत होता, मध्येच तुटत होता. मी घाबरलो. चौथ्या चालीला त्यांची एकट्याची पाळी आली तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "उभं राहीसन फुकता येत नही माले. पाय चालनात का दम चालस." आणि जागच्या जागी चालायला लागले. डावा, उजवा, डावा, उजवा, वरातीत चालतात तसे. लाकडी फळ्यांवर बूट वाजत होते. मग जे काही त्यांच्यातून निघालं ते मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. एक सूर धरून ठेवायचे, सोडतील असं वाटे, सोडायचे नाहीत, आणि मग असा मोडायचे की समोरच्या बाईनं तोंडावर हात ठेवला. सात-आठ मिनिटं चाललं असेल. त्यानंतर माझी पाळी होती. माझी बोटं नीट फिरली. एवढंच म्हणता येईल.

दोन महिन्यांनी मी मिलमध्ये जेवत असताना डॉक्टरांचा फोन आला. "दो सॅक्स हों तो कवर पे लिखना पडता है, कौन लेफ्ट में, कौन राइट में. ऐसा रिवाज है." मशीनच्या आवाजात मी ओरडून सांगितलं, "मामा राइट, मैं लेफ्ट."

यात मी खोटं बोललो नव्हतो. बँडमध्ये मोठ्या माणसानं उजव्या हाताला उभं राहायचं आणि धाकट्यानं डाव्या, आणि ही डावी-उजवी वाजवणाऱ्याची असते. वरातीत समोर कुणी बसलेलं नसतं. सगळे आपल्याच दिशेनं चालत असतात. समोर खुर्च्या मांडून लोक बसले की आपली उजवी ती त्यांची डावी होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बँडवाला सोडून दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती. माझ्या बाजूनं बोलण्यासारखं एवढंच आहे, म्हणून लिहून ठेवलं. पुढचं सगळं माझ्या विरुद्ध आहे.

अल्बम आला त्या दिवशी मी मुलीचे इयरफोन घेऊन गॅलरीत बसलो. चौथी चाल लागली. डाव्या कानात बूट वाजायला लागले. मोबाइलवर कव्हरचं चित्र होतं, त्याखाली बारीक अक्षरांत 'डावीकडे' आणि पुढे माझं नाव. मला लगेच कळलं. काय झालं, कसं झालं, कुणामुळे झालं, सगळं एका दमात कळलं. मनात आलं, डॉक्टरांना फोन करावा. मग मनात आलं, उद्या करू. तोवर खाली दोघा-तिघांनी लिहिलंही होतं की डावीकडचा सॅक्स ऐका, हा माणूस कोण आहे, इतकी वर्षं कुठे होता. मी ते पाच वेळा वाचलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो बिळात शिरताना त्याला काय वाटत असेल ते मला आता ठाऊक आहे. फार छान वाटतं.

रविवारी मी मामांकडे भेस्तानला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो, निदान वाटेत तरी तसं ठरवलं होतं. मामांची नात तिचा मोबाइल आणि इयरफोन घेऊन बसली होती, अल्बम तिनं शोधून ठेवला होता. मामी शेजारी कुणाकडे तरी पापड लाटायला गेली होती. नात इयरफोन मामांच्या कानात घालायला लागली आणि मी मनातल्या मनात म्हणालो, पोरी, उलटे घाल. डावा उजव्यात घाल. म्हणजे मामा आपलंच आपलं म्हणून ऐकतील आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. पण ती शाळेत शिकलेली मुलगी. इयरफोनवरची बारीक अक्षरं बघून बरोबर घातले.

"डावा कानमा कोन शे?" मामांनी विचारलं.

तिनं वाचून सांगितलं, "डाबी बाजू काका, जमणी बाजू तुम्ही." ती गुजराती शाळेत जाते, डावं-उजवं गुजरातीतच म्हणते.

मामांनी डोळे मिटले. आता ओळखतील, आता ओळखतील, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पण ज्यानं चाळीस वर्षं ढोलाच्या गदारोळात फुंकलं, त्यानं स्वतःला बाहेरून कधी ऐकलेलं असतं का? आपला आवाज आपल्याला हाडांतून ऐकू येतो, कवटीत घुमतो. बाहेर तो कसा जातो ते लोकांना माहीत. त्यात मामांचा छापील अक्षरावर फार विश्वास. चौथी चाल संपली तेव्हा त्यांनी इयरफोन काढले आणि माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते.

"भाचा," ते म्हणाले, "तू मना पुढे निंघी गया."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. नात हसली असती, मामा हसले असते, मामी येईपर्यंत विषय संपला असता. मी मूग गिळून बसलो. नुसता बसलो नाही, खाली वाकून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. ते नमस्काराचं सोंग मला अजून झोपेतून उठवतं.

एकदा पाया पडल्यावर मागे फिरता येत नाही. मिलमध्ये शेठनं सगळ्यांसमोर हात मिळवला. खात्यातले लोक 'कलाकार' म्हणायला लागले. बायको माहेरी सांगून आली. मग मुंबईहून संगीतावर लिहिणाऱ्या एका बाईंचा फोन आला, आणि त्यांनी विचारलं की त्या सोलोखाली पावलं ऐकू येतात, ती काय भानगड आहे? मी दम घेतला आणि म्हणालो, "आम्ही वरातीतली माणसं. पाय चालले की दम चालतो." त्या म्हणाल्या, "वा, किती सुंदर!" त्यांनी ते वाक्य माझ्या नावावर छापलं. म्हणजे मामांचा सूर चुकून माझ्याकडे आला होता; त्यांचं बोलणं मात्र मी स्वतःच्या हातानं उचललं.

त्या वर्षात मी मामांकडे जाणं कमी केलं. कामाचं निमित्त असायचंच. लग्नसराई आली तेव्हा कळलं की मामांनी बँड सोडला, त्यांचा सॅक्सोफोन गावच्या बँडला देऊन टाकला. वय झालं, मी मनाशी म्हणालो. माणूस स्वतःला पटवायला बसला की किती लवकर पटतं!

मग भेस्तानलाच एका लग्नात मामा भेटले. मी पाहुणा म्हणून गेलो होतो, बँड दुसराच होता. पंगतीत ते माझ्यासमोर येऊन बसले आणि मला क्षणभर ओळखताच आले नाहीत. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले. तोंडात एकही दात नव्हता. भाताचे घास नुसते जिभेनं फिरवत होते. मी विचारलं, काय झालं?

त्यांनी खुशीत सांगितलं. हिरड्या सुजल्या होत्या. "दातना डॉक्टर म्हने, मांगला काढना पडतीन, पुढला चार वाची जातीन, औषध करू. मी म्हनं, कसाले? आते फुकनं नही, चावनंच शे. सगळा काढी टाक, कवळी बसाडी दे." मग माझ्या ताटाकडे बोट केलं. "तू जेव. तू शे ना आते फुकाले."

सॅक्सोफोनचं टोक वरच्या पुढच्या दातांवर टेकवावं लागतं. ते दात गेले की सूर धरायला जागाच राहत नाही. कवळी लावून वाजवणारे असतील कुठे. पण मामांना कवळी टोचायची, ते ती खिशात घेऊन फिरत होते. मी कसंबसं विचारलं की मामा, वाजवणं सोडलं का?

"मी आयकं ना मनं वाजाडनं, उजवा कानमा," ते म्हणाले. चिडून नाही, एखाद्या कापडाचा रंग उतरला असं सांगावं तसं. "हात चालस. पन त्यामा जीव नही. माले आदुगर वाटे, मी चांगलं वाजाडस. चाळीस वरीस वाटे. बरं व्हयनं, जीवत असताच समजी गयं."

उजव्या कानात मी होतो. माझ्या गुरूनं माझ्या वाजवण्याचा न्याय केला होता, अगदी बरोबर केला होता, आणि त्याची शिक्षा स्वतः भोगली होती. ताट तसंच टाकून मी पंगतीतून उठलो आणि मंडपामागे गेलो. लोकांना वाटलं, जेवण बाधलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मामांकडे जायची हिंमत नव्हती, म्हणून आधी डॉक्टरांकडे गेलो. छापून दुरुस्त झालं की मग मामांना आपोआप कळेल, माझ्या तोंडून ऐकावं लागणार नाही, असा माझा हिशेब. तिथेही पळवाटच. डॉक्टरांना मी बँडची डावी-उजवी समजावून सांगितली, खोलीत उभं राहून दाखवली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "एक मिनट." त्यांनी मामांना फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि मी काय म्हणतोय ते सांगितलं.

मामांचं हिंदी मला ऐकू आलं. "साहेब, जैसा छापा है वैसाच सही है. मैं दात का बोला ना उसको, तो उसको बुरा लगा. भाचा दिल का बडा है. आप कुछ बदली मत करना."

डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले आणि म्हणाले की कलाकार एकमेकांचे पाय ओढतात एवढंच मी आजवर पाहिलं, एकमेकांना श्रेय देणारे दोघं आज पाहिले. मी म्हणालो, "साहेब, मैं सच बोल रहा हूँ." ते म्हणाले, "वही तो!" त्याच संध्याकाळी त्यांनी अल्बमच्या पानावर ही हकिगत लिहून टाकली. आता डावीकडचा सॅक्सोफोनवाला नुसता मोठा कलाकार राहिला नाही, नम्रही झाला.

ते वाचलं आणि मी स्कूटर काढली. सॅक्सोफोन पाठीला लावला आणि भेस्तानला गेलो.

मामा पलंगावर बसले होते. मामी आत स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: डाव्या कानात तुम्ही आहात, मी डॉक्टरांना चुकीचं सांगितलं, बँडची डावी सांगितली. मामा मान हलवत ऐकत होते, लहान मूल बोलतं तेव्हा हलवतात तशी.

"पाय आयका मामा," मी म्हणालो. "पाय वाजी ऱ्हायनात. मी कधी चालस का वाजाडताना?"

"त्या पाय मनाच शेतस," ते म्हणाले. "तू वाजाडत व्हता, तुले चाल देवाकर्ता मी चालत व्हतू."

मी सॅक्सोफोन काढला. म्हणालो, बघा, मला येतं का ते. ती चौथी चाल सुरू केली आणि त्यांच्या त्या धरलेल्या सुरापाशी आलो. दुसऱ्याच वळणावर दम संपला. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच बसलो. वाईट वाजवून दाखवण्यासाठी इतका जीव मी आयुष्यात लावला नव्हता. मामांनी हात वर करून थांबवलं.

"असं एकच डाव येस मानूसले," ते मला समजावत म्हणाले. "रोज येत नही. तुले त्या दिन वनं. माले कधी वनंच नही." आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

मी मोबाइल काढला, चौथी चाल लावली आणि फोन पलंगावर ठेवला. इयरफोन नव्हते. फोनच्या एका भोकातून सगळं एकत्र येत होतं, त्यात ना डावं होतं ना उजवं. बूट वाजायला लागले. तो सूर आला, थांबला, सुटला नाही.

स्वयंपाकघराच्या दारात मामी येऊन उभी राहिली, हातात लसणीची सुपली तशीच. हा अल्बम तिनं ऐकलाच नव्हता. सगळ्या घरानं तो इयरफोन घालून ऐकला होता आणि तिच्या कानात ते घालावेत असं कुणाला सुचलं नव्हतं.

"हाई कवयचं शे?" तिनं मामांना विचारलं. "इतलं चांगलं कवय वाजाडं तुम्ही?"

"मनं नही वं ते. भाचानं शे," मामा म्हणाले. "तसं छापेल शे."

"छापेल राहू द्या," मामी म्हणाली. "पस्तीस वरीस भिंतना पल्याड बशीसन आयकेल शे मी. तुमना दम माले समजत नही का? हाऊ देखा, आठे घेतस तुम्ही." आणि फोनमधल्या सुरानं नेमका तिथेच श्वास घेतला.

मामा चाल संपेपर्यंत बसून राहिले. मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी सॅक्सोफोन दिला. त्यांनी तो नेहमीसारखा अंगाशी घेतला, बोटं बरोबर जागेवर बसली, टोक तोंडात धरलं आणि फुंकलं. नुसती हवा निघाली. ओठ घसरत होते. त्यांनी पुन्हा धरलं, डोळे मिटले, उठून उभे राहिले, दोन पावलं चाललेसुद्धा. हवाच निघाली. मग सदऱ्याच्या टोकानं त्यांनी ते तोंडातलं टोक नीट पुसलं आणि सॅक्सोफोन मला परत दिला.

"तुले कवय समजनं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणू शकलो असतो, काल. परवा. अजून एक खोटं त्या घरात सहज मावलं असतं.

"पहिल्याच दिनले, मामा," मी म्हणालो. "तुमले आयकाडाना आदुगर."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि मामीला सांगितलं, "भाचाले च्या ठेव."

मामी आत गेली नाही. दारातच खाली बसून ती लसूण सोलत राहिली.